वीज वाचवणारा नेटवर्क स्विच आणि लॅबमधली जुनी यंत्रे: वापरानंतरचा अनुभव

म्हापशातील एका पॅथॉलॉजी लॅबच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. तेथला जुना स्विच (सगळ्या यंत्रांच्या नेटवर्क केबल एकत्र जोडणारी पेटी) गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर निकामी झाला आणि त्याच्या जागी २४ पोर्टचा, त्यांपैकी ८ पोर्टवर पीओईची (नेटवर्कच्या केबलमधूनच यंत्राला वीज देण्याची) सोय असलेला मॅनेज्ड, म्हणजे प्रत्येक पोर्टची सेटिंग बदलता येणारा, गिगाबिट स्विच बसवला. खोक्यावर ठळक हिरव्या अक्षरांत वीजबचतीचा दावा होता. त्यानंतर पावसाळा, चतुर्थी आणि दिवाळी होऊन गेली, त्यामुळे आता त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिता येईल. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे आलेल्या बहुतेक अडचणी एकाच कंपनीच्या मालापुरत्या नाहीत.

मुख्य सांगणे असे की खोक्यावर ‘वीजबचत’ या एका नावाखाली तीन-चार निरनिराळ्या युक्त्या एकत्र बांधलेल्या असतात. प्रत्येकीची बचत वेगळी, प्रत्येकीचा त्रासही वेगळा, आणि तक्रार आली की नेमकी कोणती युक्ती जबाबदार आहे हे शोधल्याशिवाय सगळीच बंद करून टाकण्याचा मोह होतो. सर्वांत साधी युक्ती म्हणजे ज्या पोर्टमध्ये केबल नाही किंवा समोरचा संगणक बंद आहे, त्या पोर्टचे सर्किट झोपवणे. ते अधूनमधून जागे होऊन पलीकडून काही सिग्नल येतो का एवढे पाहते. दुसरी युक्ती केबलची लांबी अजमावते आणि केबल आखूड असेल तर पूर्ण १०० मीटरला पुरेल इतक्या जोराने सिग्नल सोडत नाही. तिसरी म्हणजे एनर्जी एफिशियंट इथरनेट, ज्याला सगळे ‘ईईई’ म्हणतात. चौथी पीओईचे वेळापत्रक, म्हणजे ठरावीक वेळी कॅमेरा किंवा वाय-फायच्या पोर्टचा वीजपुरवठाच तोडणे. ही शेवटची इतरांच्या पंक्तीत बसत नाही, पण विक्रेते तिलाही त्याच यादीत घालतात.

यांतील ईईई थोडे समजून घ्यावे लागते. साध्या १०० मेगाबिट किंवा गिगाबिट जोडणीत माहिती जात नसली तरी दोन्ही टोके एकमेकांकडे रिकामे संकेत अखंड पाठवत राहतात, आणि त्यात वीज जातच असते. २०१० साली मंजूर झालेल्या आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८०२.३एझेड या मानकाने यावर असा तोडगा काढला की पाठवण्यासारखे काही नसेल तेव्हा पाठवणाऱ्या बाजूने गप्प व्हावे, मधूनमधून थोडासा संकेत देऊन तार जिवंत ठेवावी आणि माहिती आली की पुन्हा जागे व्हावे. गिगाबिट तारेवर हे जागे होणे साधारण १६ मायक्रोसेकंदांचे काम आहे. संगणकावर काम करणाऱ्या माणसाला हा वेळ जाणवणे शक्य नाही. शिवाय जोडणी होतानाच दोन्ही बाजू आपल्याला ईईई येते की नाही हे एकमेकांना सांगतात, आणि एकाला जरी येत नसेल तरी ते वापरले जात नाही. त्यामुळे जुन्या यंत्राला त्रास होण्याचे कारणच नाही, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात त्रास देतात ती ‘मला येते’ असे सांगणारी, पण झोपेतून नीट न उठणारी यंत्रे. अगदी जुने यंत्र यातून सुटते. अधल्यामधल्या वयाचे, ईईई नवीन असताना बनलेले यंत्र अडकते.

बचत किती, हे प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर पाहिले. पीओईचा भार वगळून हा स्विच दिवसा, निम्म्याहून अधिक पोर्ट चालू असताना, १५ वॅटच्या आसपास घेतो. रात्री संगणक बंद झाले की ११ वर येतो. ही उतरण जवळजवळ सगळी पहिल्या युक्तीची, म्हणजे बंद पोर्ट झोपवण्याची आहे. दिवसा ईईई चालू-बंद करून पाहिले तर आकडा एखाद्या वॅटने हलतो. एक वॅट वर्षभर अखंड वाचला तर पावणेनऊ युनिट होतात; युनिटला सहा रुपये धरले तरी वर्षाला पन्नास-पंचावन्न रुपये. पावसात म्हापशात वीज गेली की लॅब इन्व्हर्टरवर चालते, म्हणून डॉक्टरांना बिलापेक्षा बॅकअपची काळजी अधिक होती. पण पावणेदोनशे वॅटच्या भारातून एक वॅट कमी झाल्याने सहा-सात तासांचा बॅकअप दोन-अडीच मिनिटांनी वाढतो, एवढेच. खोक्यावरचा टक्केवारीचा दावा खोटा नसेलही, पण त्याच्या आधीचा ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरांत असतो, आणि ती टक्केवारी गाठायला पोर्ट रिकामे ठेवावे लागतात.

पीओईच्या वेळापत्रकाचा हिशेब मात्र जमतो. प्रतीक्षाकक्षातील वाय-फायचा अॅक्सेस पॉइंट सात वॅट घेतो आणि रात्री आठ ते सकाळी सहा त्याचा कोणालाही उपयोग नाही. तेवढा एक पोर्ट रात्री बंद ठेवल्याने वर्षाला पंचवीसेक युनिट वाचतात, म्हणजे ईईईच्या जवळजवळ तिप्पट. कॅमेरे अर्थातच बंद करता येत नाहीत, आणि अंधार पडला की त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागून प्रत्येक कॅमेरा दोन-तीन वॅट जास्त ओढतो, त्यामुळे रात्रीची बाकी बचत तेच खाऊन टाकतात.

आता त्रासांबद्दल. पहिली तक्रार रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्यांवर बारकोड चिकटवण्यासाठी लेबल छापणाऱ्या प्रिंटरची आली. सलग काम चालू असले की तो बिनबोभाट चालायचा; दहा-पंधरा मिनिटे कोणी आले नाही आणि मग पहिला रुग्ण आला की त्याचे लेबल निघत नसे. तंत्रज्ञ ताई दोनदा-तीनदा बटण दाबायच्या आणि अर्ध्या मिनिटाने तीच तीन लेबले एकामागून एक बाहेर पडायची. एरवी हे हसण्यावारी नेता आले असते, पण शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसे उपाशीपोटी रांगेत उभी असतात आणि एकाच रुग्णाची तीन लेबले हातात आली की नळीवर चुकीचे लेबल चिकटण्याची भीती असते. लॅबच्या दृष्टीने हा विषय वीजबिलापेक्षा कितीतरी गंभीर होता.

स्विचच्या लॉगमध्ये त्या पोर्टसमोर त्या त्या वेळी ‘लिंक डाउन’ आणि लगेच ‘लिंक अप’ अशी जोडी दिसत होती. म्हणजे प्रिंटर ईईईच्या झोपेतून उठताना जोडणीच तुटत होती आणि नव्याने होत होती. जोडणी पुन्हा व्हायला दोन-तीन सेकंद पुरतात. मग अर्धे मिनिट कशाचे? ते स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलचे, म्हणजे केबल चुकून वर्तुळात जोडल्या गेल्या तर माहिती गोल फिरत राहू नये म्हणून स्विच पाळतो त्या नियमांचे. स्विचवर तो जुन्या पद्धतीने चालू असेल तर नवी जोडणी झालेला पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो, आणि तोवर माहिती पुढे सोडत नाही. त्या पोर्टला ‘एज पोर्ट’ (पलीकडे दुसरा स्विच नसलेला, टोकाचा पोर्ट) ठरवल्याबरोबर थांबणे दोन-तीन सेकंदांवर आले, आणि त्याच पोर्टचे ईईई बंद केल्यावर ते पूर्ण थांबले. त्यानंतर लेबलांची तक्रार पुन्हा आलेली नाही. संगणक, प्रिंटर, कॅमेरे अशा सर्व टोकाच्या यंत्रांच्या पोर्टना एज ठरवून टाकणे हे वीजबचतीशी संबंध नसतानाही करावे असे काम आहे.

दुसरे प्रकरण जैवरासायनिक तपासण्यांच्या अॅनालायझरचे. हे यंत्र जुने आहे आणि १० मेगाबिटवरच बोलते. ईईईचे ते झोपणे-उठणे १० मेगाबिटच्या जोडणीला लागूच होत नाही, त्यामुळे येथे संशयित वेगळा होता. अॅनालायझर काम नसताना आपला नेटवर्कचा भाग स्वतः बंद करतो. जुना स्विच त्या वेळीही तारेवर आपली खूण देत राहायचा आणि यंत्र जागे झाले की त्याला ती मिळायची. नवा स्विच मात्र समोर कोणी नाही म्हणून तो पोर्ट झोपवत असे. मग दोघेही दुसऱ्याने आधी हाक मारावी म्हणून थांबलेले, आणि सकाळी निकाल संगणकावर येत नाहीत म्हणून कोणीतरी केबल काढून पुन्हा खोचायची. त्या एका पोर्टची झोप बंद केल्यावर प्रश्न मिटला. १० मेगाबिटवाल्या यंत्रांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ८०२.३एझेडमध्येच १० मेगाबिटचा कमी व्होल्टेजचा प्रकार आहे आणि तो चांगल्या, किमान कॅट-५ केबलच्या भरवशावर आखलेला आहे. टेलिफोनच्या काळातली जुनी वायर अजून भिंतीत असेल तर ती आधी बदलावी.

केबलची लांबी ओळखून सिग्नल कमी करणाऱ्या युक्तीने एकदाच दगा दिला आणि तोही तिचा म्हणता येणार नाही. आपल्याकडे खाऱ्या दमट हवेत जॅकच्या पिनांवर हिरवट थर चढतो, हे नेटवर्कचे काम करणाऱ्या गोव्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. बिलिंग काउंटरची केबल आखूड होती, म्हणून स्विचने सिग्नल कमी केला. भिंतीतल्या जॅकच्या पिना मात्र गंजलेल्या होत्या, आणि कमी केलेला सिग्नल तो अडथळा पार करू शकत नव्हता. पोर्टच्या आकडेवारीत सीआरसी त्रुटी, म्हणजे वाटेत बिघडून पोहोचलेल्या माहितीच्या नोंदी, दर तासाला वाढत होत्या. ही बचत बंद केली की त्रुटी थांबत आणि चालू केली की पुन्हा येत. जॅक बदलल्यावर ती चालू ठेवूनही एकही त्रुटी आली नाही. जुन्या स्विचच्या पूर्ण जोरामुळे झाकला गेलेला दोष नव्या स्विचने उघडा पाडला, असेच म्हणावे लागेल. पावसाळ्यात जोडणी तुटू लागली की वीजबचतीला बोल लावण्याआधी जॅक उघडून पाहणे हा क्रम मी तरी सोडणार नाही.

संगणकांच्या बाजूने दोन किरकोळ गोष्टी. स्वागतकक्षातील संगणकाची जोडणी मधूनच तुटत असे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ पानावर एनर्जी एफिशियंट इथरनेट आणि ग्रीन इथरनेट अशा दोन वेगळ्या ओळी असतात, त्यांपैकी पहिली बंद करणे पुरले. कार्डाचा ड्रायव्हर नव्याने बसला की ती ओळ पुन्हा चालू झालेली आढळली, म्हणून ते बंद करणे स्विचच्या बाजूनेच अधिक टिकाऊ. लिनक्सवर इथटूल या आज्ञेने ईईईची स्थिती पाहता आणि बदलता येते. दुसरे, सकाळी घरूनच संगणक चालू करण्याची वेक-ऑन-लॅनची सोय या स्विचवर प्रत्येक संगणकासाठी चालली नाही. बंद असताना ज्यांचे कार्ड जोडणी अजिबात राखत नाही, त्यांचे पोर्ट झोपतात आणि जागे करणारा संदेश पोहोचत नाही.

हे केवळ आमच्याच लॅबचे दुखणे नाही, हे दोन ठिकाणच्या सूचनांवरून दिसते. रास्पबेरी पाय ३ बी प्लस या छोट्या संगणकाच्या सेटिंगमध्ये ईईई बंद करण्यासाठी वेगळा पर्यायच ठेवलेला आहे. आणि डान्टे या डिजिटल ध्वनिप्रणालीचे निर्माते तर स्विचवर ईईई बंदच ठेवा असे सांगतात, कारण तेथे सगळ्या यंत्रांची घड्याळे अचूक जुळावी लागतात आणि पोर्टच्या झोपण्या-उठण्याने ती जुळणी बिघडू शकते. नाट्यगृहांत आणि लग्नाच्या सभागृहांत ध्वनिव्यवस्था करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे वाचून ठेवलेले बरे.

माझी खरी नाराजी मॅनेज्ड स्विचवर नाहीच. त्याच विक्रेत्याने वरच्या मजल्यासाठी ५ पोर्टचा साधा, अनमॅनेज्ड स्विच दिला होता. त्यातही ईईई आहे, पण बंद करण्याचा कोणताही मार्ग नाही. ना बटण, ना सॉफ्टवेअर. तेथे लावलेल्या हजेरीच्या बोटाच्या ठशाच्या यंत्राची जोडणी लेबल प्रिंटरसारखीच तुटत होती आणि त्या यंत्राच्या मेनूतही काही सोय नव्हती. शेवटी तो स्विच काढून यंत्राची केबल थेट खालच्या स्विचपर्यंत आणावी लागली. दोन-चार वॅटच्या उपकरणात अर्धा वॅट वाचवण्यासाठी ग्राहकाच्या हातून नियंत्रण काढून घेणे मला पटत नाही. ग्राहक सेवेला फोन केला तर ‘सर, हे फीचर आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

मॅनेज्ड स्विचबद्दल एकच आक्षेप. फर्मवेअर (स्विचच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर बाकीच्या सेटिंग्ज जागेवर राहिल्या, पण ईईई सर्व पोर्टवर पुन्हा चालू झाले आणि दुसऱ्याच दिवशी लेबल अडले. आता अद्ययावत केल्यानंतर पोर्टांची यादी मी कागदाशी ताडून पाहतो. तो कागद स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे आणि त्यावर प्रिंटर, अॅनालायझर आणि हजेरीचे यंत्र या तीन पोर्टसमोर लाल शाईने ‘ईईई बंद, झोप बंद’ असे लिहिले आहे. उरलेल्या पोर्टवर सगळी बचत चालू आहे.

डिचोलीत लॅबचे नवे नमुना संकलन केंद्र होत आहे. तेथे याच मालिकेतला ८ पोर्टचा मॅनेज्ड स्विच मागवला आहे. साध्या स्विचपेक्षा तो बराच महाग पडला आणि वाचलेल्या विजेतून ती किंमत वसूल होणार नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगितले. प्रत्येक पोर्टची बचत वेगळी बंद करता येते, एवढ्यासाठीच तो घेतला आहे.