श्रीलंकेतील बेपत्तांची कुटुंबे: मृत्यूचा दाखला की अनुपस्थितीचा?

श्रीलंकेतील यादवी युद्ध 1983 पासून मे 2009 पर्यंत चालले. त्यात ज्यांचे मृतदेहही हाती आले नाहीत, अशा हजारो माणसांच्या पत्नींना आणि मातांना मदत, मालमत्ता किंवा पेन्शन मागायला गेले की आधी कोणता दाखला घ्यायचा हे ठरवावे लागते.

पहिला पर्याय मृत्यूच्या दाखल्याचा आहे. भारतात सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास कायदा मृत्यू गृहीत धरतो. श्रीलंकेच्या 2010च्या विशेष कायद्याने मात्र संघर्षात बेपत्ता झालेल्या व्यक्तीसाठी एका वर्षानंतरच मृत्यूनोंदणीचा अर्ज करण्याची मुभा दिली. या दाखल्याने वारसाहक्क निश्चित होतो, पुनर्विवाहाची वाट मोकळी होते आणि पती सरकारी नोकरीत असल्यास विधवा व अनाथ पेन्शनचा दावा सरळ मांडता येतो. हे लाभ खरे आहेत आणि गरीब घरात त्यांचे मोल फार मोठे आहे. पण ज्या स्त्रीने आपला माणूस लष्कराच्या हवाली होताना डोळ्यांनी पाहिला, तिला कोणत्याही तपासाशिवाय ‘तो मेला’ असे स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागते, ही या मार्गाची जबर किंमत आहे. शिवाय कपाळावरचे कुंकू आणि गळ्यातली ताली (तमिळ स्त्रियांचे मंगळसूत्र) उतरवण्याचा प्रश्नही त्या सहीबरोबरच उभा राहतो.

दुसरा पर्याय अनुपस्थितीच्या, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याच्या, दाखल्याचा; तो त्याच कायद्याच्या 2016च्या दुरुस्तीने आला. त्यामुळे मृत्यू मान्य न करता मालमत्तेची तात्पुरती व्यवस्था पाहता येते, मुलांच्या पालकत्वाचा प्रश्न सुटतो आणि कल्याणकारी योजनांसाठी अर्ज करता येतो. हा दाखला असलेल्या कुटुंबांसाठी 2019च्या अर्थसंकल्पात दरमहा 6,000 श्रीलंकी रुपयांची अंतरिम मदत जाहीर झाली. ही रक्कम पेन्शन नव्हे, आणि तिचा भरवसा त्या त्या सरकारच्या इच्छेवर अवलंबून आहे. या दाखल्याने विवाह संपत नाही आणि वारसाहक्कही कायमचा मिळत नाही.

माझे मत असे की, मृत्यूची खात्रीलायक माहिती असेल, किंवा जमिनीची कायमची वाटणी अथवा पुनर्विवाह अडला असेल, तर मृत्यूचा दाखला घेण्यात कमीपणा नाही. पण प्रश्न केवळ तातडीच्या मदतीचा असेल, तर अनुपस्थितीचाच दाखला मागावा. जानेवारी 2020 मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी बेपत्ता लोक मरण पावले असल्याचे म्हटले आणि मृत्यूचे दाखले देण्याची भाषा केली, तेव्हा उत्तर श्रीलंकेतील किलिनोच्चीत 2017 पासून धरणे धरून बसलेल्या मातांना त्यात चौकशी गुंडाळण्याचा डाव दिसला, आणि ती भीती अनाठायी नव्हती.

अर्जाला मदत करणाऱ्या कार्यकर्त्याने दोन्ही दाखल्यांचे परिणाम त्या स्त्रीला तिच्या भाषेत, म्हणजे बहुधा तमिळमध्ये, वाचून दाखवावेत आणि घरी विचार करायला वेळ द्यावा. सासरच्यांचा किंवा अधिकाऱ्याचा आग्रह सुरू असताना तिची सही घेऊ नये.