लाकडी चढण-चौकट: आठ महिन्यांच्या वापरानंतर
आमच्या तीन वर्षांच्या मुलीला चढून खेळण्यासाठी घेतलेल्या या चौकटीच्या कठड्यातील फटी मी आधी मोजल्या. सुमारे 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटीतून लहान मुलाचे धड आरपार जाते पण डोके अडकते, त्यामुळे त्या 8 सेंटिमीटरच्याच निघाल्या तेव्हा हायसे वाटले. पावसात भिजून सुकल्यावर मात्र लाकूड आकसले, दोन बोल्ट बोटांनी फिरतील इतके सैल झाले आणि वरच्या दांड्याला, नेमके तळवे टेकतात तिथेच, कुसळे निघाली. ती पॉलिश पेपरने घासून काढावी लागली. लाकडाला कोणते रसायन लावले आहे, याचा माहितीपत्रकात उल्लेख नाही. पूर्वी अशा लाकडासाठी आर्सेनिकयुक्त रसायन सर्रास वापरले जाई, म्हणून हे मौन खटकते. मूल पडल्यास मार लागू नये म्हणून खाली वाळूचा जाड थरही आपणच घालायचा.