कुरआनच्या शब्दांचं व्याकरण चालवताना: 'कुराणिक अरेबिक कॉर्पस'

तीस वर्षं चिपळूणच्या शाळेत मी मराठी शिकवलं. 'अधोरेखित शब्दाचे व्याकरण चालवा' हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, गणती नाही. कुरआन मात्र लहानपणी मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, नाझरा म्हणजे नुसतं पाहून वाचायला शिकले. उच्चार अचूक, अर्थ कोरा. निवृत्तीनंतर 'कुराणिक अरेबिक कॉर्पस' ही साइट सापडली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुरआनच्या शब्दांचं व्याकरण चालवता आलं.

लीड्स विद्यापीठात कैस ड्यूक्स यांनी उभं केलेलं हे काम. कुरआनचे ७७,४३० शब्द एकेक करून मांडलेत. शब्दावर टिचकी मारली की लिंग, वचन, विभक्ती, जोडलेलं सर्वनाम, सगळं समोर येतं. धातूवर गेलं की तो कुरआनात कुठे कुठे आलाय त्याची यादी. पैसे लागत नाहीत.

मला तिची गरज पडली ती सूरह (अध्याय) अन-निसाच्या पहिल्या आयतीसाठी, म्हणजे वचनासाठी. निकाहच्या खुतब्यात (प्रवचनात) ही आयत पढतात. भाचीच्या निकाहात शेजारी बसलेल्या बाईंनी मला अर्थ सांगितला: आधी आदम घडवला, मग त्याच्या बरगडीतून हव्वा. घरी येऊन मी आयत उघडली. 'मिन नफ्सिन वाहिदतिन', एका जिवापासून. 'व खलक मिन्हा झौजहा', आणि त्याच्यापासून त्याचा जोडीदार घडवला. बरगडी नाहीच. ती हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेत येते. या आयतीत आदमचं नाव नाही, आणि हव्वा हे नाव तर अख्ख्या कुरआनात नाही.

साइटवर 'नफ्स' स्त्रीलिंगी दाखवलाय, 'झौज' पुल्लिंगी. मी थबकलेच. मग पहिला जीव बाईचा का? तसं नाही. 'व्यक्ती' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी, पण 'ती व्यक्ती' पुरुष असू शकते. अरबीत तर नपुंसकलिंगच नाही, प्रत्येक नामाला दोहोंपैकी एक बाजू घ्यावीच लागते. अमेरिकन मुस्लिम अभ्यासक आमिना वदूद यांनी १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात हेच मांडलंय: व्याकरणानं 'नफ्स' स्त्रीलिंगी, पण अर्थानं ना बाई ना पुरुष.

'झौज'ची यादी उघडली तर ७६ ठिकाणं. सूरह अल-बकराच्या ३५व्या आयतीत हाच शब्द आदमच्या बायकोसाठी, २३०व्या आयतीत नवऱ्यासाठी. फळांच्या जोड्यांसाठीही तोच. म्हणजे 'जोडीतला दुसरा'. साइटवर आयतीखाली इंग्रजी अनुवाद ओळीनं आहेत. एकानं 'त्याची बायको' लिहून कंसात आदम-हव्वा घातलेत, पिकथॉल यांनी साधं 'त्याचा जोडीदार' ठेवलंय. आणि 'मिन'? 'पासून' की 'त्याच जातीचा'? सूरह अर-रूमच्या २१व्या आयतीत 'मिन अन्फुसिकुम', तुमच्याच जिवांतून तुमचे जोडीदार घडवले, असं आपल्या सगळ्यांना उद्देशून म्हटलंय. तिथे कुणी प्रत्येकाची बरगडी मोजत नाही. मला वाटतं, निसामध्येही 'मिन' तसाच वाचावा.

पण याच साइटनं मला अडचणीची आयतही दाखवली. सूरह अल-आराफ, १८९. तोच 'नफ्स', तोच 'झौज', पुढे 'लियस्कुन इलैहा'. इथे क्रियापद पुल्लिंगी आणि 'तिच्यापाशी' स्त्रीलिंगी: त्यानं तिच्यापाशी विसावावं म्हणून. जुन्या मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) इथे आदम आणि हव्वा वाचले त्याला भाषेतच आधार आहे, हे मला मान्य करावं लागलं. माझ्या मनासारखं वाचून झाल्यावर मला अडवणारी वस्तू हातात असावी, आणि ही तशी आहे. म्हणून तिची एवढी किंमत वाटते.

साइट इंग्रजीत आहे. अरबी लिपी आणि थोडं इंग्रजी येत नसेल तर एकट्यानं जमणार नाही. वाक्यरचनेच्या आकृत्या सगळ्या सूरहच्या नाहीत, आणि मोबाइलपेक्षा मोठा पडदा बरा. शब्दाच्या अर्थच्छटांसाठी जवळ एक चांगला अरबी कोश लागतोच.

सुरुवात करायची तर पाठ असलेल्या छोट्या सूरहपासून करा, उच्चार तोंडात असतो म्हणून शब्द पटकन सापडतात. मी सध्या 'झौज'ची सगळी ठिकाणं वहीत उतरवतेय, समोर माझा मराठी अर्थ लिहून. एकावन्न झालीत.