मॉरिस मायनरच्या शॉकअपचे तेल : प्रतापनगरच्या एका गॅरेजबद्दल

१९४८ साली बाजारात आलेल्या मॉरिस मायनरला आजच्या गाड्यांसारखे नळीचे शॉकअप नसतात. बॉडीला बोल्टने आवळलेली एक ओतीव पेटी असते. तिच्यातून बाहेर आलेला दांडा चाकाबरोबर वरखाली होतो, आतले दट्टे तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकलतात आणि त्या अडथळ्यामुळेच गाडीचे हेलकावे आवरतात. तेल कमी झाले की गाडी खड्ड्यानंतरही डोलत राहते. वडोदऱ्यात या कामासाठी प्रतापनगर भागातील एका लहानशा गॅरेजकडे आम्ही गाडी दिली आणि काम समाधानकारक झाले.

येथील मिस्त्रीने नुसते वरून तेल भरून देण्यास साफ नकार दिला, हे मला विशेष आवडले. पुढच्या चाकांना शॉकअपचा दांडा हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) असल्याने, टॉर्शन बारचा (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईचा) ताण एकदम सुटू नये म्हणून त्याने आधी खालच्या आर्मला जॅकचा आधार दिला, मगच शॉकअप उतरवले. तेल भरण्याच्या बुचाभोवतीची माती ब्रशने काढल्याखेरीज त्याने बूच उघडले नाही, कारण वाळूचा एक कण आत गेला तरी व्हॉल्व्ह नीट बसत नाही. जुने काळे तेल पूर्ण निथळून, केरोसीनने आतून धुऊन आणि वाळवून त्याने वीस ग्रेडचे फोर्क ऑइल (मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये घालतात ते तेल) बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरले. त्यानंतर शॉकअप सरळ उभे धरून दांडा सावकाश वरखाली केला. मध्येच दांडा हलका लागला तर आत हवा अडकलेली असते. पूर्ण फेरीत जोर सारखा लागेपर्यंत तो थांबला नाही. (अनेक ठिकाणी यात ब्रेक ऑइल ओततात. त्याने या शॉकअपचे रबरी सील फुगून खराब होतात.)

मजुरी आधी सांगितली तेवढीच घेतली. उणीव बिलाची: त्यावर तेलाचा ग्रेड लिहिलेला नव्हता, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे जायचे झाल्यास तोच तपशील हवा असतो. एका बाजूच्या दांड्याच्या सीलमधून तेल पाझरत होते. तेल बदलून ते थांबणार नाही, शॉकअप खोलून सील बदलावे लागेल, असे त्याने तिथेच सांगितले, पण ते काम तो स्वतः करत नाही.

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्यावर मांडलेल्या जुन्या गाड्या पाहून ज्यांनी घरची गाडी बाहेर काढली असेल, त्यांनी रंगरंगोटीआधी इथे यावे. फोर्क ऑइल मात्र स्वतः विकत घेऊन न्यावे.