हर्बेरियम प्रेस : जाळी पक्की, पट्टे कच्चे

कोल्हापुरात प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळणारा, वनस्पतींचे नमुने दाबून वाळवण्याचा हा लाकडी प्रेस 30 बाय 45 सेंटिमीटरचा आहे, नमुना चिकटवायचा 28 बाय 42 चा शीट आत ऐसपैस बसतो. जाळी रिव्हेटनं जोडलेली असल्यानं भिजली तरी उकलत नाही. गोची पट्ट्यांच्या बकलात आहे. पत्रा पावसाळ्यात गंजतो, दाब सैल पडतो आणि पानं सुरकुततात. सरळ सायकलच्या कॅरियरचा नायलॉन पट्टा लावावा.

सोबतचे टीपकागद नावालाच. मसाई पठारावरची सीतेची आसवं, गेंद ही रानफुलं श्रावणात वाळवताना पहिले चार दिवस रोज कागद बदलावा लागतो, नाहीतर बुरशी आलीच. वर्तमानपत्र चालतं, गुळगुळीत पुरवणी नको, ती पाणी शोषतच नाही. मांसल कंद दाबातही कोंब फोडतात, ते आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावेत. दुर्मीळ कंदीलपुष्पाचा कंद मात्र उपटूच नये. फोटो घ्यावा, फार तर एक फूल 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावं.

नमुन्याच्या छापील लेबलावर फुलाच्या रंगाचा रकानाच नाही, आणि वाळल्यावर रंगच आधी उडतो! ठिकाणासाठीही एकच ओळ. ब्रिटनमध्ये वनस्पतींच्या नोंदींसाठी 112 व्हाइस-काउंटी, म्हणजे कायमच्या आखलेल्या भौगोलिक विभागण्या, ठरलेल्या आहेत. प्रशासकीय हद्दी बदलल्या तरी त्या तशाच राहतात, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची नोंद आजच्या नोंदीशी ताडता येते आणि ‘ही वनस्पती इथे पुन्हा सापडली’ असं छातीठोक म्हणता येतं. आपल्याकडे नुसतं ‘तालुका पन्हाळा’ लिहून भागत नाही; अक्षांश-रेखांश लेबलाच्या पाठीमागे का होईना, लिहावेत.