गुडघा कुरकुरायला लागल्यावर : पोहणं की सायकल?

मागच्या रविवारी इथल्याच, नागपुरातल्या मनीषनगरहून भाऊजींचा फोन आला. "सायकल घेऊ का पोहाले जाऊ, एक काहीतरी सांगून टाक ना बाप्पा. डॉक्टर म्हणते दोन्ही चालते." वय ५३, सकाळच्या फिरण्याला १५ वर्षं झालेली, आणि आता जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. चार वर्षांपूर्वी माझं अगदी हेच होतं. दोन्ही करून पाहिलं, दोन्हींवर पैसे घातले. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितो.

आधी फिरण्याचं. ते सोडायचं नाही, फक्त जागा बदलायची. मी सेमिनरी हिल्सला जायचो. चढताना काही नाही, उतरताना वाटीमागे सुई टोचल्यासारखं. उतारावर मांडीचा स्नायू दर पावलाला अंग आवरून धरतो आणि तो सगळा दाब वाटीवर येतो. आता आठवड्यातून दोनदा मैदानात, मातीवर फिरतो. हाडांना अंगाचा भार लागतोच, आणि पोहणं काय, सायकल काय, तो फारसा देत नाहीत. गुडघा सुजत असेल, मधेच अडकत असेल किंवा चालता चालता दगा देत असेल, तर मात्र हे सगळं राहू द्या, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आता पोहणं. कागदावर याला तोड नाही. नुसतं छातीभर पाण्यात उभं राहिलं तरी पायांवर आपल्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्साच उरतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना सकाळी साडेसहाला पाण्यात उतरायचं सुख मी नाकारत नाही. पण एक अडचण कोणी आधी सांगत नाही. आमच्या पिढीतले बरेच जण विहिरीत शिकलेले, पाठीला डबा बांधून. डोकं वर, पाय बेडकासारखे. हे बेडकाचे पाय गुडघ्याला बाहेरच्या बाजूने पिळतात आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध (लिगामेंट) ताणला जातो. पहिल्या पंधरवड्यात माझा गुडघा पुढून दुखायचा तो आतूनही दुखायला लागला. मग ४९ व्या वर्षी बावीस वर्षांच्या पोराकडून फ्रीस्टाइल शिकलो. "काका, गुडघ्यातून नाही, कमरेतून पाय हलवा" हे त्याने किमान शंभरदा सांगितलं असेल. दोन महिन्यांत जमलं, आणि गुडघा खरंच शांत झाला.

तरी सोडलं. कारण सांगितलं की लोक हसतात. कारण होतं शिडी.

आमच्या तलावाला बांधीव पायऱ्या नव्हत्या, दोन्ही टोकांना स्टीलची सरळ उभी शिडी. चाळीस मिनिटं पाण्यात आपल्याला गुडघा आहे हेही आठवायचं नाही. मग दांड्या धरायच्या, डावा पाय खालच्या पायरीवर, आणि कंबर पाण्याबाहेर आली की उजवा वरच्या पायरीवर. ती पायरी बारीक, ओली, आणि इतकी उंच की गुडघा पोटाशी येतो. पाण्याने इतका वेळ तोलून धरलेलं माझं ८१ किलो वजन तिथे एकदम परत यायचं, तेही दुमडलेल्या एकाच गुडघ्यावर. रोज त्याच पायरीवर, त्याच जागी कळ. मागे पाण्यात एक चिमुरडी, चष्मा कपाळावर, "अंकल, जल्दी करो ना" म्हणत उभी. दर पायरीला डावाच पाय आधी, असं करून पाहिलं, तर महिन्याभरात डावाही कुरकुरायला लागला. काठावर हात टेकून वर यायचं तर तेवढा जोर दंडात नाही. पायऱ्या करून द्या म्हणून अर्जही दिला. "बघू" म्हणाले. सातव्या महिन्यात जाणं बंद केलं, वर्षाची फी भरलेली असताना.

सायकलीची सुरुवात याहून वाईट झाली, हे कबूल करतो. पहिले दहा दिवस गुडघा जास्तच दुखला. दुकानातल्या पोराने "काका, पाय टेकले पाहिजेत ना" म्हणून सीट खाली करून दिलेली. खालच्या सीटवर गुडघा दर फेऱ्याला जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात जेमतेम बाक राहतो. मी सीट चार बोटं वर घेतली आणि आठवड्यात फरक पडला. जास्तच वर घेतली तर गुडघ्याची मागची बाजू दुखते, तेही करून पाहिलंय. दुसरं, गियर हलका ठेवायचा आणि पाय भरभर फिरवायचे. मांडीत जोर लावावा लागला, की समजायचं गियर जड झाला.

सायकलीचा त्रास नाही असं नाही. वर सीट म्हणजे सिग्नलला बसल्या बसल्या पाय टेकत नाहीत, पुढे उतरून उभं राहावं लागतं. पहाटेची कुत्री आहेतच. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांच्या दोन स्लॅबमधल्या फटीत बारीक टायर जातो, म्हणून रुंद टायरचीच घ्या. उन्हाळ्यात सातच्या आत घरी. पण नागपूर बऱ्यापैकी सपाट आहे, सिव्हिल लाइन्सचे रस्ते सकाळी रिकामे असतात, आणि चढ आलाच तर मी उतरून चालतो, लाज कसली. वर्षभरात सहा किलो उतरले. त्याचं श्रेय थोडं सायकलीला, थोडं बंद केलेल्या तर्री पोह्यांना. चालताना एक किलो वजन कमी म्हणजे गुडघ्यावर दर पावलाला सुमारे चार किलो भार कमी, असं जाड माणसांच्या दुखऱ्या गुडघ्यांवरच्या अभ्यासात दिसलेलं आहे. माझ्या जिन्याला ते पटलं.

भाऊजी, तुमचं वजन माझ्याहून बरंच जास्त आहे, रहदारीची भीतीही आहे. घराजवळच्या तलावाला बांधीव पायऱ्या असतील तर माझं काही ऐकू नका, खुशाल पोहायला लागा. शिडीच असेल, तर फी भरण्याआधी एकदा तिच्यावरून वर येऊन बघा.

आणि सायकल घेतलीत, तर सीटच्या दांडीवर योग्य उंचीला खूण करून ठेवा. माझ्या सायकलीवर मुलीच्या लाल नेलपॉलिशची रेघ आहे. सर्व्हिसिंगहून दर वेळी सीट खालीच होऊन येते, आणि दर वेळी तो पोरगा म्हणतो, "काका, पाय टेकले पाहिजेत ना."