तीन मिनिटं की आठ?

चाल बांधून झालीय, आता गाणं तीन मिनिटांत आवरू की आठ मिनिटं फुलू देऊ, असं एका शिष्येनं विचारलं.

तीन मिनिटांत मुखडा आणि दोन अंतरे बसतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची ग्रामोफोन तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच असे. शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी त्यातच मावली, आणि अपुरी वाटत नाही. मेहनत मात्र इथेच जास्त. लिहिलेलं निम्मं संगीत कापताना माझा जीव तुटतो.

आठ मिनिटांत आलापाला, लय बदलायला वाव मिळतो. वादकांचा, स्टुडिओचा खर्च वाढतो. चाल कच्ची असेल तर चौथ्या मिनिटाला उघडी पडते.

कवितेची प्रत्येक ओळ आशयानं भरलेली असेल, तर तीन. मोजक्या ओळींचा अभंग रागात खुलत असेल, तर आठ.